ऐकणाऱ्यालाही मन असते

जबलपूरला आलेल्या पाहुण्यास मदनमहालाच्या टेकडीवर नेऊन तेथील एक शिळा दाखविण्याचा प्रघात आहे. एका मोठ्या खडकावर दुसरा प्रचंड खडक अगदी थोड्या जागेवर टेकून उभा आहे. पाहणाऱ्यास वाटावे, की कोणी बोट लावले तरी तो घरंगळत खाली जाईल. दाखविणारे गृहस्थ मग अभिमानाने सांगतात, की १९९७ च्या भूकंपातदेखील ही शिळा जागची हलली नाही.

शिळा हलली नाही, शहर मात्र हलले. २२ मे १९९७ रोजी पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर नर्मदेच्या खोऱ्यात जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ५·८ इतकी मोजली गेली. सुमारे चाळीस माणसे प्राणास मुकली, शेकडो जखमी झाली, शहरातील व भोवतालच्या खेड्यांतील हजारो घरांची पडझड झाली. कोसमघाटसारख्या गावांना फार मोठा तडाखा बसला. हा सारा इतिहास आपण वाचला असेल. परंतु त्या सकाळचा विचार थोडा निराळ्या बाजूने करून पाहा. ज्या परिचारिकेने जखमींच्या जखमा धुतल्या, ज्या शिपायाने ढिगारा उपसला, पडलेल्या घरांचा पंचनामा करीत जो कर्मचारी दारोदार फिरला आणि प्रत्येक दारी तीच कहाणी ऐकत राहिला, ती माणसे आली कोठून? ती त्याच शहरातील होती. त्यांचीही झोप त्याच हादऱ्याने मोडली होती, आणि आपली मुलेबाळे अंगणात उघड्यावर बसवूनच ती कामावर गेली असतील. त्यांना पुढे किती दिवस झोप लागली नाही, हे मात्र कोणी विचारल्याचे आढळत नाही.

शिळेचे कौतुक जरूर करावे. अडचण अशी, की जी माणसे दुसऱ्याचे दुःख ऐकण्याचे व सावरण्याचे काम करतात त्यांच्याकडूनही आपण नकळत शिळेचीच अपेक्षा करीत असतो.

अशी माणसे आज पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहेत. मारहाणीला किंवा अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २०१५ पासून 'सखी' या नावाची केंद्रे उघडण्याची योजना सुरू केली. एकाच छताखाली औषधोपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि जरूर पडल्यास पाच दिवसांपर्यंत निवारा मिळावा, ही त्यामागील कल्पना. जबलपूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी असे केंद्र असतेच. त्याशिवाय संकटातील स्त्रियांचे व मुलांचे दूरध्वनी घेणारे कर्मचारी, बालकल्याण समितीचे सदस्य, रुग्णवाहिकेवरील मंडळी, ठाण्यात फिर्याद लिहून घेणारी महिला पोलीस, रुळावरून मृतदेह उचलणारा रेल्वेचा कर्मचारी हे सर्व याच पंक्तीतले. जबलपूर हे उच्च न्यायालयाचे गाव. तेव्हा येथे आणखी एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे. साक्षीदाराची जबानी शब्दन्‌शब्द टंकलिखित करणारा लघुलेखक या हिशेबात कधीच धरला जात नाही. भयंकर वाक्य त्याच्या कानांतून शिरते आणि बोटांतून बाहेर पडते. मध्ये जे मन असते, त्याला काही होत नसेल काय?

भोसल्यांच्या अमदानीपासून, आणि पुढे रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना व न्यायकचेऱ्या यांच्या निमित्ताने, पुष्कळ मराठी कुटुंबे जबलपुरात स्थायिक झाली. त्यांपैकी एखाद्या घरातील सून अशा केंद्रात समुपदेशक आहे, अशी कल्पना करा. कदाचित आपल्याच घरी अशी सून, कन्या अथवा चिरंजीव असेल. मग कल्पना करण्याचीही जरुरी नाही. सकाळी डबा भरून ती कामावर जाते. दहा वाजता तिच्यासमोर नवऱ्याने भाजलेली स्त्री बसते. बारा वाजता एक अल्पवयीन मुलगी येते, ती बोलतच नाही. तीन वाजता एक आई येते, ती थांबतच नाही. सायंकाळी सूनबाई घरी येते, तेव्हा सासूबाई सहज विचारतात, "काय गं, आज उशीर झाला?" आणि ती एकदम तुटून पडते. सासूबाईंना वाटते, नोकरीमुळे हिचा स्वभाव बिघडला. तिलाही तेच वाटते, आणि त्याची लाज वाटते.

स्वभाव बिघडलेला नसतो. ऐकलेल्या गोष्टींचा तो परिणाम असतो, आणि तो कसा दिसतो हे घरच्या माणसांनी ओळखून ठेवावे. दुसऱ्याने सांगितलेली दृश्ये आपण पाहिल्यासारखी डोळ्यांसमोर येऊ लागतात. स्वतःची मुलगी शिकवणीहून दहा मिनिटे उशिरा आली तरी छाती धडधडते. रस्त्यावरील प्रत्येक पुरुषाचा संशय येतो. लग्नसमारंभातील हसणेखिदळणे असह्य होते. काही जणांच्या बाबतीत उलटेच घडते: काहीच वाटेनासे होते. समोर बसलेली बाई रडत असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात एवढेच येते, की हे तर रोजचेच, आता किती वाजले? ही दुसरी अवस्था आम्हांस अधिक धोक्याची वाटते. रडणाऱ्या समुपदेशकाकडे निदान सहकाऱ्यांचे लक्ष जाते. थिजलेला समुपदेशक मात्र कार्यक्षम समजला जातो, आणि त्याच्यासमोरील बाई आपले खरे गाऱ्हाणे न सांगताच उठून जाते. तिने मोठ्या कष्टाने एकदा धीर केलेला असतो. तो पुन्हा होईलच असे नाही.

या अवस्थेला शास्त्रज्ञांनी नावे दिली आहेत. कामाने माणूस आतून जळून जातो, अशी मांडणी न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये केली. पुढे १९९० च्या सुमारास लिसा मॅकॅन व लॉरी पर्लमन या विदुषींनी दाखविले, की आघात सोसलेल्यांबरोबर काम करणाऱ्यांचा थकवा हा सामान्य थकव्याहून वेगळा असतो. जगाकडे, माणसांकडे व स्वतःकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच बदलते. चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथामुळे 'करुणेचा थकवा' हा शब्दप्रयोग रूढ झाला. नावे काहीही असोत, त्यांतील मुख्य गोष्ट अशी, की ही दुर्बलता नसून या धंद्यातील धोका आहे.

इस्पितळातील क्ष-किरण विभागात आपण कधी गेला असाल, तर तेथील कर्मचाऱ्याच्या छातीवर एक लहानसा बिल्ला लावलेला दिसला असेल. त्याच्या अंगावर किती किरण पडले, याची नोंद त्या बिल्ल्यात होते. दर तीन महिन्यांनी तो तपासणीस जातो, आणि प्रमाण वाढलेले दिसले तर चौकशी होते. त्या कर्मचाऱ्याला कोणी म्हणत नाही, की तू कच्च्या मनाचा म्हणून तुझ्यावर किरण पडले. दुःख ऐकणाऱ्याच्या छातीवर असा बिल्ला लावण्याची सोय नाही. त्याला आपला बिल्ला स्वतःच वाचावा लागतो, आणि तो वाचण्याची विद्या म्हणजेच ज्या विषयावर आम्ही लिहीत आहोत, ते अवधान.

आजकाल यासाठी 'सजगता' हा शब्द वापरतात. इंग्रजीतून 'माइंडफुलनेस' हा शब्दही आता मराठी कानांना परका राहिलेला नाही. वस्तुतः मूळ कल्पना आपल्याकडचीच आहे. पाली भाषेतील 'सति', म्हणजे स्मृती, या शब्दासाठी ऱ्हिस डेव्हिड्स या पंडिताने १८८१ मध्ये इंग्रजी प्रतिशब्द योजला, आणि तेथून तो जगभर गेला. १९५६ मध्ये नागपूरला झालेल्या धर्मांतरानंतर ज्या मराठी घरांतून बुद्धविचार नांदू लागला त्यांना 'सति' नवी नाही. ब्रह्मदेशातून आलेले सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ पासून भारतात विपश्यनेची शिबिरे घेतली, त्यांचे इगतपुरीचे केंद्र तर महाराष्ट्रास सुपरिचितच आहे. इतर मराठी वाचकांसाठी 'अवधान' हा शब्द तेवढाच जवळचा. नवव्या अध्यायाच्या प्रारंभीच ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे तेच तर मागतात. आणि 'सावधान' या शब्दाने तर एका नवरदेवाला भर मंडपातून पळवून लावले, अशी समर्थांची आख्यायिका आपण लहानपणी ऐकलेली आहे! आमच्या समुपदेशक भगिनीला मात्र मंडप सोडायचा नाही. तेथेच बसून सावध राहायचे आहे, आणि ते अधिक कठीण होय.

ध्यानाच्या बाबतीत जबलपूरचे नाव निघाले, की रजनीशांचे स्मरण होते; १९७० मध्ये मुंबईस जाईपर्यंत त्यांचे वास्तव्य याच शहरी होते, आणि भंवरताल बागेतील एका वृक्षाखाली त्यांना साक्षात्कार झाला, अशी त्यांच्या अनुयायांची श्रद्धा आहे. महर्षी महेश योगी यांचाही या गावाशी संबंध सांगतात. त्या मोठ्या नावांशी आपल्याला येथे काही कर्तव्य नाही. येथे जे सांगावयाचे आहे त्याला साक्षात्कार लागत नाही, आसन लागत नाही, डोळे मिटण्याचीही सक्ती नाही. दोन भेटींच्या मधली तीन मिनिटे पुरतात.

रुग्णांसाठी या विद्येचा पद्धतशीर उपयोग अमेरिकेतील जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. जुनाट दुखण्याने गांजलेल्यांना त्यांनी आठ आठवड्यांचा क्रम शिकविला. पुढे ही पद्धत उपचार करणाऱ्यांपर्यंतही आली. रॉचेस्टर येथील सत्तर डॉक्टरांनी असा अभ्यासक्रम पुरा केल्याचा वृत्तान्त २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा थकवा कमी झाला व रुग्णांविषयीची आस्था वाढली, असे त्यांच्याच उत्तरांवरून दिसले. तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता, म्हणून त्या निष्कर्षांना फार ताणू नये. पण एक तपशील लक्षात घेण्यासारखा आहे. ते डॉक्टर नुसते श्वास पाहत बसले नाहीत. आठवड्यातून एकदा अडीच तास एकत्र जमून त्यांनी आपल्या कामातील अवघड प्रसंग एकमेकांना सांगितले. याचा विचार पुढे पुन्हा येईल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. एक व्यक्ती उठून गेली आहे आणि दुसरी दाराबाहेर बसली आहे. अशा वेळी नोंदवही मिटावी व दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकवावीत. फरशीचा गारवा जाणवतो काय, हे पाहावे. मग तीन श्वास असे घ्यावेत, की श्वास सोडण्यास घेण्यापेक्षा थोडा अधिक वेळ लागेल. श्वास सावकाश सोडला, की हृदयाचे ठोकेही किंचित मंदावतात. हा शरीराचा साधा धर्म आहे. त्यानंतर मनाशी एक प्रश्न विचारावा: आता माझ्या शरीरात काय चालले आहे? उत्तर साध्या शब्दांत द्यावे. जबडा आवळला आहे. पोटात गोळा आला आहे. गळा दाटला आहे. राग आला आहे. यांपैकी काहीही घालवून देण्याचा प्रयत्न करू नये. 'राग आहे' असे म्हटल्याने राग जात नाही, परंतु पुढच्या बाईवर तो निघण्याचा संभव बराच कमी होतो. ज्याने आपला बिल्ला वाचला, त्याला निदान आज किती किरण पडले ते ठाऊक असते.

ऐकत असतानाची कला याहून सूक्ष्म आहे. नर्मदेच्या घाटावर पोहणाऱ्यांना ठाऊक असते, की बुडणाऱ्याला हात द्यावयाचा तो दुसऱ्या हाताने काठ धरून. दोन्ही हात दिले तर दोघेही जातात. ऐकणाऱ्यानेही आपले बहुतेक लक्ष बोलणाऱ्याकडे द्यावे, पण त्याचा एक पातळ धागा स्वतःच्या शरीराशी बांधलेला ठेवावा: खुर्चीला टेकलेली पाठ, मांडीवरील हात, जमिनीवरील पावले. वर्णन भयंकर होऊ लागले, की चित्र मनात रंगवीत न बसता क्षणभर पावलांकडे जाऊन यावे. यात समोरच्या व्यक्तीशी प्रतारणा नाही. पाय जमिनीवर असलेला माणूसच तिला शेवटपर्यंत ऐकू शकतो. वाहून गेलेला माणूस मध्येच घाईने उपदेश करू लागतो, हे आपण घरगुती संभाषणांतही पाहतोच.

टानिया झिंगर व ओल्गा क्लिमेकी या संशोधिकांनी या बाबतीत एक उद्बोधक प्रयोग केला. दुसऱ्याची वेदना जशीच्या तशी स्वतःत अनुभवण्याचा सराव ज्यांनी केला त्यांची मने अधिकच व्याकूळ झाली. पुढे त्यांनाच दुसऱ्याविषयी कल्याणाची, ममतेची भावना जोपासण्याचा सराव दिल्यावर ती व्याकुळता ओसरली, आणि मेंदूतील चलनवलनही निराळे दिसले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर समदुःख वेगळे आणि करुणा वेगळी. आजारी लेकराच्या उशाशी बसलेली आई स्वतःला ताप आणीत नाही. ती कपाळावर पट्टी ठेवते. समुपदेशकाने तीन श्वासांनंतर 'हिचे बरे होवो' एवढे मनातल्या मनात म्हटले तरी त्या दिशेने एक पाऊल पडते.

रोज सकाळी किंवा रात्री दहा मिनिटे स्वस्थ बसण्याची सवय असेल तर दिवसातील ही तीन मिनिटे सुलभ होतात. बसावे, श्वास येतो-जातो ते पाहावे. मन जाईल. ते कचेरीत जाईल, उद्याच्या भाजीकडे जाईल, दहा वाजता आलेल्या त्या भाजलेल्या हातांकडेही जाईल. रांगते मूल उंबरठ्याकडे निघाले, की आई त्याला उचलून पुन्हा चटईवर आणून बसविते. मूल दहादा गेले तर दहादा आणते. मनालाही तसेच आणावे, न रागावता. नवशिक्यांची तक्रार असते, की आमचे मन रिकामे होतच नाही. रिकामे व्हायला नकोच आहे. परत आणणे, हाच सारा व्यायाम.

दिवस संपल्याची खूण मनाला पटविण्यासाठी आपल्या वाडवडिलांची एक रीत येथे आठवावीशी वाटते. स्मशानातून परतलेल्याला ते थेट घरात घेत नसत. स्नान, कडुलिंबाचे पान, मगच उंबरठा. त्यामागील शुचिर्भूततेच्या कल्पना आज आपण मानू किंवा न मानू. पण मृत्यू पाहून आलेल्या माणसाला संसारात परतण्यापूर्वी मधली एक पायरी हवी असते, हे त्यांनी जाणले होते. आमची समुपदेशक भगिनी रोज तसेच काही पाहून येते आणि दुचाकीवरून उतरून थेट कुकर लावते. तिने आपली एक पायरी ठरवून घ्यावी. कचेरी सोडताना हात स्वच्छ धुवावेत, आणि धुताना पाण्याकडे लक्ष द्यावे. शेवटचा रस्ता पायी चालावा. घरी येताच कपडे बदलावेत. सवड असेल त्या दिवशी ग्वारीघाटावर जाऊन बसावे. आरतीच्या वेळी आपले मन आरतीत नसून पोलीस ठाण्यात आहे, असे आढळले तरी हरकत नाही. ते तेथे आहे हे कळले, म्हणजे निम्मे काम झाले.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. या क्षेत्रात येणाऱ्या काही व्यक्तींनी स्वतःच पूर्वी आघात सोसलेला असतो. पुष्कळदा त्याच कळकळीने त्या या कामाकडे वळतात. अशांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले असता जुन्या आठवणी एकाएकी उसळून येण्याचा, गुदमरल्यासारखे होण्याचा संभव असतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, श्वासाऐवजी बाहेरचा एखादा आवाज किंवा हातातील वस्तू यांवर लक्ष ठेवावे, आणि अस्वस्थता वाढली तर खुशाल थांबावे. दहा-दहा दिवसांच्या मौन शिबिरात एकदम उडी घेण्याचा मोह तर त्यांनी टाळावाच. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, कामावर जाण्याच्या कल्पनेनेच घाम फुटत असेल, जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर हे घरगुती उपायांचे प्रकरण राहिले नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे मराठीत व हिंदीतही बोलता येते. दुसऱ्यांना हा क्रमांक देणारी माणसे स्वतः तो फिरविण्यास संकोचतात, हा आमचा अनुभव आहे.

आता आम्हांस जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. अवधानाची ही विद्या कितीही चांगली असली, तरी तिच्या आड कोणत्याही कचेरीने लपू नये. एका समुपदेशकाकडे तिघांचे काम द्यायचे, मानधन महिनोन्‌महिने थकवायचे, आणि मग जागतिक मानसिक आरोग्य दिनी तासभर श्वासाचे व्याख्यान ठेवायचे, हा प्रकार काही ठिकाणी होतो. असे व्याख्यान ऐकणाऱ्याच्या मनात शेवटी एवढेच उरते, की मी थकलो हा माझाच दोष, मला नीट श्वास घेता येत नाही! श्वास रजेचे काम करू शकत नाही, दुसऱ्या माणसाचेही करू शकत नाही. क्ष-किरण विभागात नुसता बिल्ला वाटून कोणी थांबत नाही; भिंतीत शिसे घालतात, कामाच्या पाळ्या आखतात.

समुपदेशकाच्या बाबतीत हे शिसे कोणते? पहिले म्हणजे बोलण्याची जागा. या कामातील माणसाला घरी मन मोकळे करता येत नाही. गुप्तता हा तर धंद्याचा नियमच. शिवाय लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो दंडसंहितेच्या २२८-अ कलमात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली येतो. हा नियम अत्यंत योग्य आहे. परंतु त्याचा भार वाहणाऱ्याला तो भार कोठेतरी टेकविता आला पाहिजे. अनुभवी पर्यवेक्षकाजवळ, दर पंधरवड्याला ठरलेल्या वेळी, नावगाव वगळून प्रकरणाविषयी आणि प्रकरणाने आपल्या मनाचे काय केले त्याविषयी बोलता यावे. रॉचेस्टरच्या डॉक्टरांना अडीच तास एकत्र बसून जे मिळाले, ते हेच होते. दुसरे म्हणजे वाटणी: भीषण प्रकरणे एकाच्याच टेबलावर सलग येऊ नयेत. तिसरी गोष्ट फारच साधी आहे. दोन भेटींच्या मध्ये दहा मिनिटे मोकळी असावीत, आणि ती वेळापत्रकात छापलेली असावीत. छापलेली नसतील तर कनिष्ठ कर्मचारी ती घेण्यास धजत नाही.

घरच्या मंडळींना काय करता येईल, असे आपण विचाराल. पुष्कळ करता येईल, आणि त्याला पैसा पडत नाही. "आज काय झाले, सांग ना" असा आग्रह धरू नये. तिला सांगता येत नाही, आणि नाही म्हणण्याचा आणखी एक शीण तिच्या वाट्याला येतो. त्याऐवजी "आजचा दिवस जड होता का?" एवढे विचारावे. होय किंवा नाही, इतके उत्तर ती देऊ शकते, आणि मोकळे होण्यास ते बहुधा पुरते. वृत्तपत्रातील खुनाची, बलात्काराची बातमी जेवणाच्या पानावर मोठ्याने वाचू नये. मुलीला शिकवणीहून यायला उशीर झाल्यावर ती घाबरली, तर तिला हसू नये, आणि तिच्या घाबरण्याने मुलीचे बाहेर जाणेही बंद पडू देऊ नये. हा तोल घरातील इतरांनी सांभाळायचा आहे. पुरुष समुपदेशक, पोलीस किंवा रुग्णवाहिकेचा चालक घरी आला तर त्याच्या मौनाला उद्धटपणा समजण्याची घाई करू नये. पुरुषाला दुःख सांगण्याची सवय आपण लावलेलीच नसते.

आमच्या त्या कल्पित घरात समजा हे सारे बोलून ठरले. सूनबाई सायंकाळी येते. चप्पल काढते, हातपाय धुते, कपडे बदलते आणि मागच्या खोलीत जाते. सासूबाई पाण्याचा तांब्या दाराशी ठेवतात व नातवाला हाक मारून अंगणात घेऊन जातात. त्याला आईजवळ जायचे असते, तो कुरकुरतो. "दहा मिनिटं थांब रे," त्या सांगतात, "आई आत्ताच आलीय, पण अजून पोचायची आहे." दहाची पंधरा होतात. मग दार उघडते, सूनबाई ओट्याजवळ येऊन टोपलीतील भेंडी हाताळून पाहते आणि विचारते, "आई, ही चिरायला घेऊ का?"